कंगवा कुठं अडतो

आमचे शेजारी रंगनाथकाका माणसाच्या आधी केसांकडे बघतात. तोंडाकडे नंतर, तेही वेळ उरला तर. आम्ही पडेगावला राहायला आलो त्या दिवशी मी सामान उतरवून घेत होते आणि हे गृहस्थ फाटकाशी उभं राहून म्हणाले, "ताई, केस काल धुतले वाटतं. टोकाला कंगवा अडतोय ना?" अडत होता. पण नवीन शेजाऱ्यानं आधी चहाचं विचारावं, अशी माझी आपली समजूत.

काकांनी शाम्पूच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत बसून, तीस वर्षं केस विंचरले. त्या केसांना डोकं नसायचं, नुसत्या बटा असायच्या. कंगव्याला ताणकाटा बांधायचा, ओली बट विंचरायची आणि किती जोर लागला ते लिहून ठेवायचं. निवृत्त होताना काकांनी साहेबांकडून तो काटाच मागून घेतला. तेव्हापासून कॉलनीतलं एकही डोकं सुरक्षित नाही. क्रांती चौकातला त्यांचा सलूनवाला तर त्यांना लांबून पाहिलं तरी रिकाम्या खुर्चीवर स्वतः बसतो.

माणसाचं आतलं बघावं, असं कुणी म्हणालं की काका उखडतात. "आतलं काय घेऊन बसलात? सगळा कारभार वरच्या थरावर चालतो." मग केसावर कौलांसारखे खवले असतात, ते उचकटले की केसाला केस अडकतो, आणि कंडिशनर नेमकं त्या उचकटलेल्या जागी जाऊन चिकटतं, हे सगळं पहिल्यापासून ऐकावं लागतं. काकू सांगतात, "मला बघायला आले तवा नाव इचारलं नाय यांनी. डोक्याला तेल कोणतं लावता, ते इचारलं."

गेल्या हिवाळ्यात पाचोडहून माझी आत्या आली. नवरा गेल्यापासून तिनं डोक्याला फणी लावली नव्हती. पदर सरकला तर मानेवर बोटभर जाडीची जट. गावातल्या बायांनी सांगितलं होतं, देवी आलीय, कात्री लावलीस तर घरावर कोप होईल. आत्याला धड आडवं होता येत नव्हतं, पण कापू या म्हटलं की ती रडायला लागे. तिचा एकुलता एक मुलगा होता. त्याला काही झालं तर?

काकांनी हे सगळं कुंपणावरून पाहिलं. आता कौलं आणि खवले सुरू होणार म्हणून मी धास्तावले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते काकूंना घेऊन आले. हातात कंडिशनरचा डबा, विणकामाची सुई आणि लाकडी फणी. काटा आणला नव्हता.

"आक्का, कापणार नाय," ते म्हणाले. "नुसती सोडवून बघतो. देवीला ऱ्हायचं असंल तर ऱ्हाईल."

आत्या काकूंचा हात धरून काकांकडे पाठ करून बसली.

अकरा दुपारी हे चाललं. काका जटेत कंडिशनर मुरवायचे आणि सुईनं एकेक केस सोडवायचे. शास्त्राचं अवाक्षरही त्यांनी काढलं नाही. आत्या मात्र हळूहळू बोलायला लागली, नवऱ्याबद्दल, मग ज्वारीबद्दल. बाराव्या दिवशी फणी मुळापासून टोकापर्यंत गेली. आत्यानं आधी मुलाला फोन लावला. तो शेतात होता, जेवला होता. मग तिनं आरसा मागितला.

काका फणीतले केस काढत होते. मी त्यांना म्हटलं, एवढे दिवस गप्प कसे राहिलात?

"आमच्या मायलाबी जट व्हती," ते म्हणाले. "कमरेपातूर. मी लई शिकलो, अन् सुट्टीत घरी गेलो की तिला अंधश्रद्धेवर भाषण द्यायचो. ती गप ऐकून घ्यायची. शेवटपातूर एकाच कुशीवर झोपली. मागं बसून सोडवून बघावी, हे काय मला सुचलं नाय, ताई."