हैबतीचा काष्ठतरंग

सत्तावन्न सालच्या दसऱ्याला हैबती पोलादपूरजवळच्या आपल्या वाडीत आला, तो लग्न ठरवायला. मुंबईत तो एका हॉटेलच्या बँडमध्ये वाजवायचा. वाजवणं हेही काम असतं, हे मुंबईला पटलं होतं. मुलीचा बाप महिपती याला नव्हतं. हाताला घट्टे नसलेल्या माणसाला आपली रंगू द्यायची नाही, असं त्यानं वाडीभर सांगून ठेवलं होतं. म्हणून हैबतीनं आपला काष्ठतरंग गावी आणला आणि महिपतीलाच ऐकायला बोलावलं. एवढी अक्कल मुंबईतच मिळते.

संध्याकाळी ओटीवर मंडळी जमली. ओळीनं मांडलेल्या लाकडी पट्ट्या बघून शेजारच्या येसाजीनं शिडी कधी मोडली म्हणून विचारलं. हैबतीनं त्याला माफ केलं आणि शिकवायला घेतलं. पट्टी लांब तर आवाज खालचा, आखूड तर वरचा. काठीच्या टोकाला कापूस गुंडाळला की आवाज मऊ, नुसतं लाकूड असलं की टणक. मऊ आवाजाला महिपतीनं जांभई दिली. झालं, हैबती इरेला पेटला. बिनकापसाच्या काठ्या उचलून त्यानं आखूड पट्ट्यांवर जो सपाटा लावला, की विचारू नका.

आता भात दाण्यावर आलेलं असताना लाकडावर लाकूड भराभर वाजलं, तर वाडीत त्याचा अर्थ एकच: शेतात रानडुकरं शिरली. हे शेंबडं पोरही जाणतं. हैबतीच्या ध्यानात आलं नाही. कलावंत ना तो! खालच्या आळीतून आरोळ्या उठल्या. कोयते, काठ्या, डबे घेऊन माणसं शेताकडे सुटली. आरोळी ऐकल्यावर विचार करत बसायची इथं रीत नाही, त्यामुळे ओटीवरचे श्रोतेही पळाले आणि महिपती सगळ्यांच्या पुढे. हैबतीनं डोळे उघडले तेव्हा समोर फक्त त्याची आई होती, तीही पदर खोचून निघालेली.

मंडळी चिखलानं माखून परतली. रंगू गेली, हे हैबती धरूनच चालला.

"मामा, चुकलं माझं," तो म्हणाला.

"चुकलं कसं? खरंच नऊ डुकरं होती रे माज्या भातात. तुज्या आवाजानं पळाली. पोरगी दिली तुला."

हैबतीच्या डोळ्यांत पाणीच आलं. कलेची अशी कदर करणारा सासरा कुणाला मिळतो! कापणी होईपर्यंत बांधावर बसून वाजवायचं, एवढीच अट होती. दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर तो बांधावर बसला आणि मऊ काठ्यांनी जीव ओतून वाजवू लागला. हॉटेलातसुद्धा त्याचा हात इतका लागला नव्हता. महिपती बघायला आला, तर डुकरं हैबतीपासून दहा हातांवर निवांत भात खात होती.

"हैबती," महिपती समजुतीनं म्हणाला, "लगीन करायचं हाय ना? मग चांगलं वाजवू नको."