सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधोमध

मिस्त्रींनी फक्त एवढंच ठरवलं होतं, की सुरुवातीची पाचच मिनिटं बघायची. पाच मिनिटांत असं काय आभाळ कोसळणार होतं? निळ्या केसांची पोरगी मनोऱ्याच्या दोराला लोंबकळत होती. ती पडली की वाचली एवढं कळलं, की फोन खिशात टाकायचा आणि निमूट कामाला लागायचं. (मिस्त्रींनी 'फक्त पाच मिनिटं' म्हणून आजवर बरंच काही सुरू केलंय. शेजारच्या काकूंचा मिक्सरही त्यांनी असाच उघडला होता. तो अजून उघडाच आहे.)

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करतात. माणसाला अधांतरी लटकत ठेवायचं नाही, हा त्यांच्या धंद्याचा पहिला आणि शेवटचा नियम. कुठे लिफ्ट अडकली की जेवणावरून उठून धावत जाणारा हा माणूस. आणि लेकीबरोबर बघायला घेतलेली ती जपानी मालिका दर शनिवारी नेमकी कुणाला तरी लटकत ठेवून संपायची. पहिल्या शनिवारी तर मिस्त्रींनी, याची तक्रार कुठे नोंदवायची, असं अगदी गंभीरपणे विचारलं होतं.

लेकीचं सांगायला हवं, कारण सगळा मामला तिच्यापायी झाला. लहानपणी ती सुट्टीत मिस्त्रींच्या मागे मागे गच्चीवरच्या मशीन रूमपर्यंत यायची, पाना मागायच्या आधी पुढे करायची, आणि परतताना सगळ्या मजल्यांची बटणं दाबायची. सतरावं लागलं आणि काय झालं कोण जाणे, तिची उत्तरं 'हो', 'नाही' आणि 'बघू' या तीनच मजल्यांवर थांबायला लागली. चौथं बटण मिस्त्रींना काही सापडेना. मग एकदा ती लॅपटॉपवर काहीतरी बघत असताना त्यांनी मागून डोकावून, हे कसलं गं कार्टून, असं विचारलं. कार्टून नाही, अ‍ॅनिमे, असं म्हणून ती जी सुरू झाली, ती जेवायची हाक येईपर्यंत थांबली नाही. मिस्त्रींना त्यातलं अर्धंअधिक कळलं नाही, पण पोरगी आपल्याशी बोलतेय, या आनंदात ते मान डोलवत राहिले.

तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी सहा वाजता बापलेक सोफ्यावर. गोष्ट अशी, की एक मुखवटेवाला गावोगावच्या मनोऱ्यांवरच्या घंटा चोरतो, आणि निळ्या केसांची पोरगी एका जाड्या बोलक्या पक्ष्याला घेऊन त्याच्या मागावर निघते. मुखवट्याआड कोण, हा सगळा खेळ. मिस्त्रींचा संशय पहिल्यापासून पक्ष्यावर. पक्षी आणि मुखवटेवाला एकाच वेळी समोरासमोर उभे राहिले, तरी त्यांचा संशय हटला नाही. भांडण जुंपलं की मिस्त्री सोफ्यावर उभे राहायचे, उशी छातीशी धरायचे आणि, अगं बाई, मागे बघ, मागे बघ, असं पडद्यातल्या पोरीला बजावायचे. लेक हसून हसून आडवी व्हायची. एपिसोड संपला की दोघं पानं वाढली जाईपर्यंत वाद घालायची. या तासाभरासाठी मिस्त्री आठवडा ढकलत होते. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, पण शुक्रवारपासून शीळ घालत फिरणाऱ्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

नियम लेकीनेच घातला होता. एकट्याने बघायचं नाही, बघेल तो गद्दार. मिस्त्रींनी गळ्याला हात लावून शपथ घेतली होती.

आणि मग आला तो लोंबकळता दोर. नवा एपिसोड शनिवारी दुपारी बाराला यायचा आणि त्याच दुपारी मिस्त्रींची एका उंच इमारतीत देखभालीची फेरी असायची. 'काम चालू आहे'ची पाटी प्रत्येक दाराला लावून त्यांनी लिफ्ट सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधोमध थांबवली. तिथे ना जिन्यातली वर्दळ, ना कुणाची हाक, ना साहेब. जगात याच्याइतकी शांत जागा नाही, असं त्यांना वाटलं. पाच मिनिटं बघितली. पोरगी वाचली, पण तेवढ्यात पक्षी पिंजऱ्यात सापडला. पक्ष्याला तसाच टाकून कामाला लागणं माणुसकीत बसेना, म्हणून उरलेलंही बघितलं.

दोनेक महिने दर शनिवारी हेच. दुपारी लिफ्टमध्ये खरं दचकायचं, मग तिथल्याच आरशासमोर संध्याकाळच्या दचकण्याची तालीम करायची. या कामात मिस्त्रींनी जीव ओतला. आपण उगाच पाने-पकडीत आयुष्य घालवलं, रंगभूमीचं मोठं नुकसान झालं, असंही त्यांना वाटायला लागलं. एकच धास्ती असायची, की दचकायला उशीर झाला तर चोरी पकडली जाईल. म्हणून ते कधीच उशीर करायचे नाहीत. पडद्यावरचं दार उघडायच्या आतच त्यांचा हात तोंडावर गेलेला असायचा. मालिकेतला म्हातारा घंटावाला मजेत गाणं म्हणत असतानाच त्यांनी डोळे पुसायला घेतले होते. (म्हातारा गेला नंतर, गाणं संपल्यावर.) लेक एकटक आपल्याकडेच बघत राहते हे त्यांच्या लक्षात आलं होतं. बायकोही हातातली इस्त्री थांबवून बघत राहायची. मिस्त्रींनी ती कलेला मिळालेली दाद समजली.

शेवटचा एपिसोड आला त्या शनिवारी मिस्त्रींनी सकाळी चपला उलटसुलट घातल्या. मागच्या खेपेला पोरीचा हात मुखवट्यापर्यंत पोहोचला होता. लिफ्ट मधोमध थांबवून त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. वादळ, विजा, मनोरा डळमळतोय, पक्षी पंख जळत असतानाही झेपावतोय. अरे वा रे पठ्ठ्या, म्हणत मिस्त्रींनी त्याच्यावरचा सगळा संशय मागे घेतला. मुखवट्याची एक गाठ सुटली. दुसरी सुटली. आणि चोरलेल्या सगळ्या घंटा एकदम वाजायला लागल्या, तेव्हा मिस्त्रींनी आनंदाने जी उडी मारली, तशी त्यांनी स्वतःच्या वरातीतही मारली नव्हती.

उडी खाली आली आणि लिफ्टखालून खाडकन आवाज झाला. लिफ्ट कोसळू लागली तर तिला जागच्या जागी पकडणारं सेफ्टी लॉक असतं, ते बसलं होतं. हे लॉक उत्तम काम करतं असं प्रमाणपत्र मिस्त्रींनीच सही करून दिलं होतं. आता लिफ्ट आतून हलणं शक्य नव्हतं. पण मुखवटा अर्धा निघाला होता, आणि कामांना एक क्रम असतो. मिस्त्रींनी नजर पडद्यावर ठेवली आणि डाव्या हाताने, निव्वळ सवयीने, भिंतीवरचं आणीबाणीचं बटण दाबलं.

त्यांचा फोन वाजला. मुखवटा, पोरगी, पक्षी सगळं गडप झालं आणि पडद्यावर लिफ्टचा नंबर झळकला. मिस्त्रींनी वर्षानुवर्षांच्या सवयीने फोन उचलला आणि धीर देत म्हणाले, "घाबरू नका, मी आलोच." भिंतीतून त्यांचाच आवाज आला, "घाबरू नका, मी आलोच." त्यांना क्षणभर बरंही वाटलं. मग ध्यानात आलं, की या इमारतीत लिफ्ट अडकली की ज्या माणसाला बोलवायचं, तो आत आहे.

फोन ठेवला तर एपिसोडच्या जागी नुसतंच चक्र फिरायला लागलं. जोडीदार मिस्त्री सासुरवाडीला गेलेला. कंपनीत कळवावं तर चांगली चालती लिफ्ट मध्येच का थांबवली होती, याचं उत्तर द्यावं लागणार. मशीन रूममधलं चाक हाताने फिरवून लिफ्ट वर घेणारं आणखी एकच माणूस त्यांना माहीत होतं, आणि ते लहानपणी सगळी बटणं दाबायचं. बॅटरीचा शेवटचा श्वास खर्चून त्यांनी घरी फोन लावला.

लेक आली. लिफ्टच्या वरच्या पोकळीतून तिचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा. मिस्त्री सूचना करायला लागले, तर मेन स्विच तिने आधीच बंद केला होता आणि ब्रेकचा दांडा वॉचमनच्या हाती दिला होता. काही विसरली नव्हती पोरगी. चाक फिरायला लागलं, लिफ्ट बोटाबोटाने वर सरकायला लागली, आणि मिस्त्रींची छाती अभिमानाने भरून आली. तेवढ्यात चाक थांबलं.

"बाबा, ही लिफ्ट अडकली कशी?"

"जुनी झालीये गं."

"मागच्याच वर्षी तुम्ही नवी बसवलीत." मग लेकीने शनिवार आणि दुपार जोडून बघितली. "बाबा, तुम्ही आत एपिसोड बघत होता?"

मिस्त्री अनेक लिफ्टांत अनेकदा अडकले होते, पण घाबरले ते आत्ता. चाक काही हलेना. आता ही पुन्हा 'हो', 'नाही', 'बघू'वर जाणार आणि आपले शनिवार संपले, असं त्यांना वाटलं.

"आजच बघितला. पहिल्यांदाच," ते कळवळून म्हणाले. "आणि शेवट तुझ्याशिवाय नाही बघितला, खरंच. मुखवटा अर्धा निघाला आणि बंद पडलं. आतून डोळे म्हातारे दिसत होते गं. पक्षी तर म्हातारा नाही ना?"

"पक्षी काय पक्षी. आजी आहे ती तिची," लेक वैतागून म्हणाली. "आता हलू नका, नीट उभे राहा."

आजी? सख्खी आजी? जिने पोरीला पहिली घंटा वाजवायला शिकवली ती? मिस्त्रींनी दोन्ही हात डोक्याला लावले, भिंतीवर थाप मारली, गोल फिरले, तोंडाचा आ वासला तो मिटेचना. लिफ्ट गदगदा हलली, वर वॉचमन काहीतरी पुटपुटला. दोन महिन्यांच्या तालमीत एकदाही जमला नव्हता असा चेहरा झाला होता त्यांचा. आणि तशा त्या चेहऱ्याने ते अचानक थबकले.

"थांब. तुला कसं माहीत?"

मग लेकीचा आवाज जरा हळू आला. "मी दुपारीच बघते. पहिल्यापासून."

"म्हणजे गद्दार तूच की."

"आधी बघून ठेवलं की संध्याकाळी मला टीव्हीकडे बघावं लागत नाही, बाबा. तुमच्याकडे बघता येतं."

पोरगी शनिवार शनिवार कार्टून बघत नव्हती, बापाला बघत होती. त्यांनी आरशात स्वतःकडे पाहिलं, आणि लगेच दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. गेले दोन महिने तिने जो चेहरा बघितला, तो याच आरशात घोटून घोटून तयार केलेला होता. हे तिला कधीही कळू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. तिचं मन दुखेल म्हणून. (स्वतःचीही थोडी काळजी होतीच.)

चाक पुन्हा फिरलं. सातव्या मजल्यावर लेकीने किल्लीने दार उघडलं. हात ग्रीसने माखलेले, पण चेहऱ्यावर हसू. मिस्त्री तिला जवळ घेणार, इतक्यात मागून वॉचमन कपाळाचा घाम पुसत आला.

"मिस्त्री, आज फोन फार हलवत होता तुम्ही," तो जरा नाराजीनेच म्हणाला. "एरवी शनिवारी कसा छान स्थिर धरता. लिफ्टच्या कॅमेऱ्यातून खाली केबिनमध्ये मला सगळं दिसतं. आवाज नाही येत, पण दोन महिने बघतोय तर गोष्ट साधारण कळली. आजी निघाली होय शेवटी? मला तर पक्षीच वाटला होता."

"दोन महिने," लेक म्हणाली.

मिस्त्रींनी खाली मान घालून ग्रीसचे डाग मोजायला घेतले. आता ही चिडेल, रडेल, निघून जाईल, असं काय काय त्यांच्या मनात येऊन गेलं. पण लेकीने मोठा सुस्कारा सोडला, जसं काही मोठं ओझं उतरलं. तिने फोन काढून आईला लावला आणि आवाज मोठा केला.

"आई, बाबांना काही झालेलं नाहीये. ते आधीच बघून ठेवायचे, म्हणून काही व्हायच्या आधीच दचकायचे."

"अगं बाई," पलीकडून बायकोचा जीव भांड्यात पडल्याचं ऐकू आलं. "आणि तो म्हातारा गाणं म्हणत होता तेव्हा रडले, तेही?"

"तेही."

"मग सोमवारची मेंदूच्या डॉक्टरांची वेळ रद्द करून टाकू का?"

मिस्त्रींनी वॉचमनकडे बघितलं. वॉचमनने सहानुभूतीने मान हलवली. रंगभूमीच्या नुकसानीचा विचार मिस्त्रींनी तिथेच सोडून दिला.

"हो, कर की रद्द," लेक हसत म्हणाली. "लिफ्टसुद्धा बिघडली नव्हती आई, शेवट बघताना बाबांनी आनंदाने उड्या मारल्या म्हणून अडकली."

पलीकडे बायकोने इस्त्री खाली ठेवल्याचा आवाज आला.

"राहू दे ती वेळ," ती म्हणाली. "एकदा दाखवूनच येऊ."