अनसूयाबाईंच्या सोडपत्राची बखर

श्री कळफलकदेवता प्रसन्न. शके एकोणीसशे सोळा, भाव नाम संवत्सर, भाद्रपद मासी कोण्या एका राज्यात जे वर्तमान घडले ते, आम्ही तेथेच उभे होतो म्हणोन, तिखटमीठ बेताचेच लावून लिहितो.

ते राज्य संगणकांचे. तोफा नव्हत्या, पंखे होते, आणि माणसे अशी की चहास बसली तर बशी कोरडी होईतो उठत नसत. आता तैसी माणसे नाहीत आणि तैशा बशाही नाहीत. सरकार गादीवर होते, गादी फिरती होती. पदरी अनसूयाबाई म्हणोन कारकून होत्या. यंत्राने काय करावे हे सांगणाऱ्या आज्ञावली त्या लिहीत. कचेरीत सरकारकाम करावे, आणि सुटीच्या दिवशी घरच्या यंत्रावर आपली हौस करावी. ऐसे तीन वर्षे खपोन त्यांनी मराठी पुस्तकांच्या याद्या बिनचूक लावणारी आज्ञावली सिद्ध केली. कारण त्या काळी ‘ळ’ कोठे बसवावा हे यंत्रास कळत नसे, आणि गावोगावच्या वाचनालयांत ‘ज्ञ’ची पुस्तके वनवासी होत. ती मुक्त भांडारास द्यावी हे बाईंचे मनी. मुक्त भांडार म्हणजे जेथील आज्ञावली कोणीही न्यावी, वाचावी, सुधारावी, परत द्यावी. परंतु भांडाऱ्यांचा रिवाज कडक: लेखनाचे हक्क भांडारास लिहून द्यावे, आणि चाकरीत असाल तर ‘आमचा दावा नाही’ ऐसे धन्याचे सोडपत्रही आणावे. मुदत दसऱ्याची. ती चुकली की तीन वर्षांचे काम परत, आणि वाचनालये पुन्हा चाचपडत.

मग बाई फडणीस हैबतराव यांजकडे गेल्या. हे गृहस्थ रोज अकरास डुलत येत, आणि हजेरीच्या यंत्रात मात्र दहाची नोंद पडे. ती हजेरीची आज्ञावलीही बाईंचीच. तीत फडणिसांच्या हुकुमावरून एक खास ओळ घातली होती, ती दोघांसच ठाऊक. फडणीस वदले, “अहो बाई, करारनामा वाचलात काय? चाकरीत असता जे लिहाल ते सरकारचे.” “घरी लिहिले ते?” “घरी, दारी, माजघरी.” “म्हणजे सगळेच?” “शाई उमटली की सरकारची! निघा आता, आमचा डबा निवतो आहे.”

बाई निघाल्या, आणि दुसरे दिवशी पत्र्याची ट्रंक घेऊन थेट सरकारांपुढे उभ्या राहिल्या; फडणीसही तेथे हजर होते. “सरकार, आपली मालमत्ता आणली आहे,” म्हणोन एकेक काढू लागल्या: कैरीच्या लोणच्याचे प्रमाण, भाचीच्या बारशाचा पाळणा, आणि कऱ्हाडच्या बहिणीस धाडिलेल्या पत्रांचे कच्चे खर्डे. “एखादे वाचा बघू,” सरकारांनी फर्माविले. बाईंनी वाचिले, “आमचे फडणीस म्हणजे चालता तक्क्या, टेकवावा तेथे झोपतो.” सरकार इतके हसले की गादी दोनदा फिरली. म्हणाले, “हैबतराव, मालक आम्ही, तर हे मतही आमचेच म्हणावे की! द्या बाईंस सोडपत्र, आजच्या आज.”

मग फडणिसांस राग मोठा आणि नव्या मसुद्याचा आळस त्याहून मोठा, म्हणोन त्यांनी जुनाच करारनामा काढिला, आणि जेथे ‘सरकारचे’ तेथे ‘बाईंचे’ घातले, आणि न वाचता शिक्का मारिला, आणि सरकारांनी फडणिसांवर विश्वासून सही केली. कागद झाला तो ऐसा, की चाकरीत असता बाईंनी घरी अथवा कचेरीत जे जे लिहिले ते सर्व बाईंचे. बाईंनी तो दोनदा वाचिला, घडी घालून पिशवीत ठेविला, आणि भांडारास एक सोडून दोन आज्ञावली धाडिल्या: याद्यांची आणि हजेरीची.

दसऱ्याआधी दोन्ही रुजू झाल्या. वाचनालयांत ‘ज्ञ’ आपल्या घरी आला. हजेरीची मात्र दूरदेशीच्या लोकांनी उघडून वाचिली, आणि एकाची विचारणा सरकारांचे हाती पडली: “आज्ञावली उत्तम. पण एक ओळ उमगली नाही. ‘हैबतराव केव्हाही येवोत, दहास आले ऐसे लिहावे.’ हा आपले देशीचा काही कुळाचार आहे काय?” सरकारांनी उत्तर धाडिले, “होता. आजपासून बंद.”

एवंच, याद्या लागल्या आणि फडणीस दहास येऊ लागले. ती ओळ लोकांनी काढिली खरी, परंतु भांडारात जुने लेखन पुसत नाहीत. आम्ही परवाच जाऊन वाचून आलो. तेथे हैबतराव अजून दहासच येतात.