दार उघडा, अहो!

न्हाणीघराच्या दाराची मूठ ताईंच्या हातात आली आणि दार जिथल्या तिथे राहिलं. ताईंनी मूठ परत भोकात खुपसून फिरवली. ती नुसतीच गरगर फिरली. बाहेरून कुणी नुसता हात लावला असता तरी दार उघडलं असतं. पण हात लावणार कोण? बाहेर होते ताईंचे यजमान, गणिताचे निवृत्त शिक्षक आणि शब्दाचे पक्के. घोळ नेमका तिथेच होता.

ताई नाटकाची तालीम न्हाणीघरात करायच्या. आवाज घुमतो, आरसा असतो, आणि रडून झालं की तोंड धुवायला लांब जावं लागत नाही. एकदा रडणं ऐन रंगात आलेलं असताना यजमान "काय झालं गं?" म्हणत घाबरून आत घुसले होते. तेव्हापासून घरात कायदाच झाला, "मी आत असताना दाराला हात लावायचा नाही. कितीही आकांत केला तरी ओ द्यायची नाही. शब्द द्या!" यजमानांनी शब्द दिला होता.

"अहो! दार उघडा! मी अडकलेय आत!"

सपातांचा आवाज दाराशी येऊन थांबला.

"आहात ना बाहेर? मग बोलत का नाही?"

आता दैव आडवं येतं म्हणजे कसं, ते पाहा. ताईंच्या नव्या नाटकात नवरा बायकोला खोलीत कोंडतो आणि बाहेर मुकाट उभा राहतो. तिच्या तोंडी अगदी हीच वाक्यं होती. महिनाभर सगळी इमारत ती ऐकत होती. आणि आज दुपारी त्या नाटकाचा पहिला प्रयोग होता!

हा प्रयोग म्हणजे ताईंचा जीव की प्राण. सुरुवात रंगभूमीवर झाली; ताईंची कुजबुजसुद्धा शेवटच्या रांगेत पोचते, अशी ख्याती. मग सिनेमे झाले, बक्षिसांनी कपाट भरलं. आणि मग आली ती मेली मालिका. आठ वर्षं खाष्ट सासू! "मी तीनपर्यंत मोजते. दोन झालेत!" हे त्या सासूचं वाक्य भाजीवालासुद्धा ताईंना ऐकवायचा. आज ती सासू कायमची पुसायची, नाहीतर पुन्हा रंगमंचावर उभं राहायचं नाही, असं ताईंनी ठरवलं होतं.

त्यांनी झरोक्याकडे तोंड केलं आणि ठेवणीतला आवाज लावला. "वहिनी! धावा हो! मी खरंच अडकलेय!"

खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी भांडी घासता घासता मान वर केली. "ताई, 'खरंच' नवीन घातलंत का?"

"अहो, नाटक नाही हे! दार अडकलंय!"

"हां, पण काल जास्त चांगलं झालं होतं. काल अंगावर काटा आला. आज जरा ओव्हर वाटतंय."

ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "ओव्हर? कुठे ओव्हर?"

"ते 'धावा हो' तेवढं कमी करा."

आणि हसू नका, पण ताईंनी ते 'धावा हो' कमी करून पुन्हा म्हणून दाखवलं! वहिनींनी साबणाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या आणि नळ सोडला. त्या आवाजात पुढचं सगळं वाहून गेलं.

मग ताईंनी सिनेमाची तऱ्हा केली. कपाळ दाराला टेकवलं, ओठ थरथरवले, डोळ्यांच्या कडेला नेमका एक थेंब आणला. सुरेख झालं. पण दाराला कॅमेरा थोडाच होता?

तेवढ्यात बाहेर फोन वाजला.

"हॅलो? हो, आतच आहे," यजमान हळू आवाजात सांगत होते. "तालीम इतकी रंगलीये म्हणून सांगू, माझाच जीव कासावीस होतोय... नाही हो दिग्दर्शकसाहेब, दार नाही वाजवणार. शब्द दिलाय... बरं. उशीर झाला तर त्या नव्या मुलीला उभं करताय? सांगतो, तालीम संपली की."

पहिला प्रयोग, आणि ती कालची पोर उभी राहणार? ताईंना खरोखरचं रडू फुटलं. बाहेरून यजमान हळूच पुटपुटले, "वा!"

मग मात्र ताईंचं डोकं फिरलं. लाजलज्जा बाजूला ठेवून त्यांनी पदर खोचला, नाक फुगवलं आणि आठ वर्षं मुरलेला तो आवाज बाहेर काढला.

"मी तीनपर्यंत मोजते. दोन झालेत!"

दार धाडकन उघडलं. यजमान हात जोडून उभे होते. मालिकेचा एकही भाग न चुकवलेला माणूस तो, शब्द कुठला आठवतोय! पाठोपाठ वहिनी जिन्यावरून धापा टाकत आल्या, हातात पकड. "चुकलं सासूबाई, माफ करा!"

गाडीत ताईंनी यजमानांना असं फैलावर घेतलं की विचारू नका. "बायको जीव तोडून ओरडतेय आणि तुम्ही वा म्हणता? यापुढे मी 'दार उघडा' म्हटलं की उघडायचं. कुठेही, कधीही! शब्द द्या!"

यजमानांनी शब्द दिला. वहिनी मागे बसल्या होत्या, त्यांची पकडही खिशात टाकली.

ताई वेळेवर पोचल्या आणि प्रयोग असा रंगला की नाट्यगृहात कुणी खोकेना. शेवटचा प्रसंग आला. बंद दाराआड ताईंनी सकाळचं सगळं ओतलं. "अहो! दार उघडा!" बायका डोळे पुसू लागल्या. सासूचा मागमूस नव्हता. आता फक्त एक हुंदका आणि पडदा.

पहिल्या रांगेतले यजमान उठले. तरातरा रंगमंचावर चढले, पकड उगारली आणि पुठ्ठ्याचं दार सताड उघडलं.

"घाबरू नकोस. आलोय मी."

"हे नाटकात नव्हतं!" तिसऱ्या रांगेतून वहिनी ओरडल्या.

ताईंना संताप आला आणि त्याच क्षणी भरूनही आलं. आजवर इतकी बक्षिसं मिळाली, पण त्यांचं रडणं ऐकून असं धावत कोण आलं होतं? तरी त्यांनी दात आवळले आणि यजमानांपुरतंच कुजबुजल्या, "जागेवर जा. दोन झालेत."

कुजबुज शेवटच्या रांगेत पोचली. अख्खं नाट्यगृह उभं राहून हसत, टाळ्या पिटत सुटलं. पडदा पडला.

संपलं सगळं, म्हणत ताई मटकन खाली बसल्या. दिग्दर्शक पलीकडून धावत आला. त्याने ताईंकडे पाहिलं, बाहेर न थांबणाऱ्या टाळ्या ऐकल्या आणि यजमानांचे हात धरले.

"उद्याच्या प्रयोगाला मोकळे आहात ना?"

यजमानांनी आधी बायकोकडे पाहिलं. ताईंनी होकाराची मान हलवली.

"येतो की," यजमान म्हणाले. "पकड पण आणू ना?"