कानविंदे सशाचे कान आणि दोन डब्या

एका जंगलात, बाळांनो, कानविंदे नावाचा एक ससा राहत होता. कुठलं जंगल ते विचारू नका. मागच्या वेळी तुम्ही विचारलंत आणि गोष्ट राहिली बाजूला.

तर हे कानविंदे जंगलाचे पहारेकरी होते. टेकाडावर बसायचं आणि ऐकायचं, एवढंच काम. बिबट्याची चाहूल लागली की ते मागचा पाय जमिनीवर आपटत. तो आपटला की सगळ्यांनी पळायचं, कारण विचारायचं नाही, अशी रीत होती. या रीतीमुळे जंगलात म्हातारे पुष्कळ होते.

पहाऱ्याबरोबर टेकाडावरचं बीळ मिळायचं. कोरडं, हवेशीर. कानविंद्यांची बायको आणि चार पिल्लं तिथे सुखात होती.

पण सुख फार दिवस टिकलं तर गोष्ट कशी होणार? शहरात जाऊन आलेल्या एका माकडाने मोबाईल, हेडफोन आणि दोन डब्या आणल्या. एक काळी, एक चंदेरी. माकडाने समजावून सांगितलं की मोबाईलच्या पोटात गाणं नसतंच, नुसते आकडे असतात. त्या आकड्यांचा सूर करून हेडफोनला देते ती ही डबी. तिला डॅक म्हणायचं. मोबाईलच्या आतही एक असते, पण ती सामान्य जनावरांसाठी.

आपण सामान्य आहोत असं कुठल्या जनावराला वाटतं? लगेच श्रवण मंडळ निघालं. जंगलात जे काही निघायचं त्याचे अध्यक्ष कोल्हेसाहेब असायचे, तसे याचेही झाले. रोज दुपारी वडाखाली बैठक भरू लागली. डोळे मिटून ऐकायचं, मान हलवायची आणि काळी बरी की चंदेरी यावर भांडायचं. काळी कोरडी आहे म्हणे. चंदेरीत ऊब आहे म्हणे. मोरेंना, म्हणजे मोराला, चंदेरीतून तबल्याच्या शाईवरची धूळसुद्धा ऐकू आली.

शेवटी कोल्हेसाहेबांनी ठरवलं की रीतसर परीक्षा घ्यायची. माकडाने पडद्याआड बसायचं, एकच भूप आधी एका डबीवर लावायचा, मग दुसरीवर. ऐकणाऱ्याने फरक सांगायचा. आणि जंगलात सर्वांत मोठे कान कानविंद्यांचे, तेव्हा पहिला मान त्यांचा.

कानविंदे टेकाडावरून खाली आले. हेडफोन त्यांच्या कानांवर बसेना, तो आडवा लावला. एकदा भूप ऐकला. पुन्हा ऐकला. मंडळ श्वास रोखून बसलं होतं.

"दोन्ही सारखंच आहे," कानविंदे म्हणाले.

मंडळात कुजबुज झाली. कोल्हेसाहेबांनी पुन्हा विचारलं, नीट ऐकलं ना? कानविंद्यांनी सांगितलं की नीट ऐकलं म्हणूनच सारखं वाटलं. माकडाने मधे वायर काढलीच नाही. काढली असती तर खट्ट वाजलं असतं. पडद्यामागे फक्त शेंगेचं टरफल वाजलं.

खरं होतं हो ते. माकड शेंगा खाण्याच्या नादात डबी बदलायला विसरलं होतं. पण माकडाने आईची शपथ घेतली, आणि शपथेपुढे कानाचं काय चालतं?

"टरफल ऐकू येतं आणि भूप ऐकू येत नाही," कोल्हेसाहेब हळहळून म्हणाले. "कान गेले हो यांचे."

मग बाकीच्यांची परीक्षा झाली. माकडाने शेंगा संपवल्या नव्हत्या, त्यामुळे सगळ्यांनी दोन्ही वेळा काळी डबीच ऐकली. सगळ्यांना फरक जाणवला. सर्वांत जास्त जाणवला तो धामणकरबाईंना. त्या धामण होत्या. सापाला कान नसतात हे तुम्हाला शाळेत शिकवलंय, पण त्या जंगलात शाळा नव्हती. बाईंनी हेडफोन गळ्यात गुंडाळला आणि सांगितलं की दुसऱ्या खेपेला गाणारीने तंबोरा डाव्या मांडीवरून उजव्या मांडीवर घेतला. मंडळ उठून उभं राहिलं.

त्याच दिवशी पहारा धामणकरबाईंना मिळाला. टेकाडावरचं बीळही मिळालं. कानविंदे कुटुंबाला ओढ्याकाठचं एक बीळ दाखवण्यात आलं. त्यात रात्रंदिवस पाणी झिरपायचं. धाकटं पिल्लू खोकू लागलं.  कानविंद्यांना राग माकडाचा नव्हता, स्वतःचाच होता. एक वाक्य वेगळं बोललो असतो तर पोर कोरड्यात झोपलं असतं, हे त्यांच्या मनातून जाईना.

असे आठ दिवस गेले. नवव्या दुपारी वडाखाली बैठक रंगली होती. ओढ्यापलीकडे सागाचं एक वाळकं पान दबलं. कानविंद्यांनी ते ऐकलं. पान दबतं तेव्हा वरती कोण असतं, हे त्यांना बापाने शिकवलं होतं. ते धावत वडाखाली आले आणि जीव खाऊन पाय आपटला.

जुन्या सवयीने चार-पाच जण उठले. कोल्हेसाहेबांनी त्यांना खाली बसवलं. तो पाय आता बडतर्फ आहे, म्हणाले. रीतसर धामणकरबाईंना विचारण्यात आलं. बाईंना पोटाखाली जमीन हादरल्यासारखी वाटली होती, पण ती चंदेरी डबीच्या बासची, म्हणजे खर्जाची, करामत, असं त्यांचं मत पडलं.

कानविंदे ओरडून ओरडून थकले. मग बिळाकडे पळाले. करणार काय?

बिबट्या झुडपातून बाहेर आला. कोल्हेसाहेबांचे डोळे मिटलेले होते. पावलाचा आवाज त्यांनी ऐकला आणि मान डोलावली.

"वा. काय भरीव पाऊल आहे," ते म्हणाले. "पण एकदा ऐकून मत देणं बरोबर नाही. पुन्हा चाला बघू. जरा जवळून."

बिबट्या स्वभावाने अदबशीर होता. तो पुन्हा चालला. जवळून.

शोकसभा दुसऱ्या दिवशी झाली. नवे अध्यक्ष मोरे गहिवरून म्हणाले की असं मरण जाणकारालाच येतं. धामणकरबाई बिळातून बाहेर यायलाच तयार नव्हत्या. त्यांनी आतूनच राजीनामा दिला. पहारेकरी हवा होता. पान दबलेलं कुणी ऐकलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे कानविंद्यांकडे बघत होते. पण परीक्षा दिल्याशिवाय नेमणूक नाही, असा नियम होता. नियम म्हणजे नियम.

कानविंद्यांची बायको शेजारी उभी होती. "अहो, पिल्लाचा खोकला थांबत नाही," ती हळूच म्हणाली. 

कानविंद्यांनी हेडफोन आडवा लावला. भूप वाजला. पडद्यामागे टरफल वाजलं. पुन्हा भूप वाजला. वायर कुणी काढली नव्हती.

"पहिली जरा झाकोळलेली होती," कानविंदे म्हणाले. "दुसरी मोकळी आहे. सूर सुटा होतो."

वडाखाली समाधानाचा सुस्कारा उमटला. मोरे तर रडलेच. कान परत आले, असा ठराव एकमताने झाला.

त्यानंतर बिबट्या दोनदा आला आणि दोन्ही वेळा उपाशी गेला. पिल्लाचा खोकला थांबला. कानविंद्यांना फार दिवस स्वतःची लाज वाटत होती. पण बीळ कोरडं होतं.

तात्पर्य : बाळांनो, खरं बोलणाऱ्याचं जग ऐकत नाही, हे साफ खोटं आहे. ऐकतं. त्याने आधी एकदा सगळ्यांच्या बरोबरीने खोटं बोलून दाखवावं, एवढंच जगाचं म्हणणं असतं.