शहेनशाह डब्यातलं श्रीखंड

एक गोष्ट आधीच छातीठोकपणे सांगून टाकतो. सरकारी गोदामात मी एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो आणि एकतीस वर्षांत एक स्क्रूसुद्धा चुकीच्या खोक्यात गेला नाही! ज्याचं नाव बाहेर, तोच माल आत. आणि जुना माल आधी बाहेर. या दोन नियमांवर मी निवृत्त झालो, हार घालून घेतला आणि इंदूरजवळच्या तीर्थाच्या गावी, फ्रीगंजातल्या आमच्या घरी येऊन बसलो.

घरी काय, तर अंदाधुंदी! आमच्या सौ. नंदाच्या स्वयंपाकघरात एकाही डब्याचं नाव खरं नाही. ‘राजहंस’ धुण्याच्या पावडरीच्या बादलीत ज्वारीचं पीठ. ‘केशरकमल’ चहाच्या डब्यात हरभऱ्याची डाळ. चॉकलेट पावडरीच्या बरणीत मोहरी. त्यामुळे आमच्या घरातली भाषाच वेगळी. “राजहंस संपलं, गिरणीत जाऊन या,” असं ऐकून पाहुणे गोंधळून जातात. आमची लेक मानसी लग्न होऊन पुण्याला गेली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं सासूबाईंना विचारलं, “केशरकमल शिजायला टाकू का?” त्या बिचाऱ्यांनी गुपचूप मला फोन केला!

आणि साखर तर आमच्या घरात नव्हतीच. गेल्या वर्षी माझ्या रिपोर्टात मधुमेह निघाला, त्या दिवसापासून साखर घरातून गायब. पाहुणे आले की मात्र कुठून तरी प्रकट व्हायची. मी सगळं घर धुंडाळलं, पण छे!

तर झालं असं. राम घाटावरचे बापू गुरुजी एक दिवस घरी आले. महाराष्ट्रातून विधींसाठी येणारी मंडळी त्यांच्याकडे उतरतात आणि तीन दिवस कचोरी खाऊन वैतागतात. गुरुजी म्हणाले, “नंदाताई, घरगुती मराठी जेवण हवंय. सोवळ्यातलं. रविवारी चार यात्रेकरूंना घेऊन येतो. त्यांना पसंत पडलं, तर रोजचं तुमच्याकडेच. पक्का समझो.”

ते गेल्यावर नंदा खुर्चीवर टेकली. मग म्हणाली, “अहो, बत्तीस वर्षं रांधतेय. एकदा तरी कुणी म्हणू दे, नंदाताईंकडचं जेवण!” तिचे डोळे भरून आले होते. मलाही गलबलून आलं. म्हटलं, आपणही काहीतरी करावं.

इथेच घात झाला!

शुक्रवारी ती बहिणीकडे इंदूरला गेली, रविवारी सकाळी परतणार होती. दोन दिवस माझ्या हातात! मी सगळे डबे रिकामे केले, घासले, पुसले. ज्याचं नाव त्याच्यात तो माल. ज्याला नाव नाही त्याच्यावर चिठ्ठी. एकच डबा जसाच्या तसा राहिला, तो ‘शहेनशाह कॅरम पावडर’चा. फळीच्या अगदी मागे होता, आत अर्धा डबा पांढरी पावडर. बाहेरचं नाव आणि आतला माल जुळलेला पाहून मला भरूनच आलं! निदान एक डबा तरी इमानदार निघाला.

योगायोग असा की रविवारीच आमच्या मंडळाची कॅरम स्पर्धा होती आणि पावडर आणायचं काम माझ्याकडे होतं. मी नवं पाकीट आणलेलंही होतं. पण नियम म्हणजे नियम! जुना माल आधी बाहेर. डब्यातली जुनी पावडर पिशवीत घातली मंडळासाठी, आणि नवी पावडर डब्यात काठोकाठ भरून ठेवली. डबा होता त्याच जागी.

रविवारी नंदा आली. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि तिथेच थांबली.

“हे काय केलंत?”

“शिस्त! आता नुसतं वाच आणि घे.”

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की मी चप्पल घालून सरळ मंडळात निघून गेलो.

साडेअकरा वाजता उद्घाटन. माझ्या हस्ते! मी बोर्डावर पावडर भुरभुरली, मंडळातल्या ओंकारनं स्ट्रायकर मारला. स्ट्रायकर दोन इंच गेला आणि बसला.

“काका, ये तो चलच नहीं रहा!”

“अजून टाक,” मी म्हणालो.

अजून टाकली. सोंगट्या जागच्या हलेनात. तेवढ्यात खिडकीतून एक मुंगी आली. तिच्यामागून दुसरी. मग रांगच! ओंकारनं बोट बोर्डाला लावलं, जिभेला लावलं आणि त्याचा चेहरा खुलला.

“काका, मीठी है! पिठीसाखर आहे ही!”

सगळे हसले. मीही हसलो. आणि मग डोक्यात प्रकाश पडला! साखर कुठे लपवलेली असायची, ते कळलं. म्हणजे नंदाच्या लेखी त्या डब्यात साखर. आणि आता त्याच डब्यात काय होतं? नवीकोरी कॅरम पावडर! लोक मुंग्या मारायला वापरतात ती! आणि आज जेवणात होतं श्रीखंड!

बाकीच्या डब्यांचा घोळ मीच घालून ठेवलेला. म्हणजे तिचा भरवसा एकाच डब्यावर राहणार, ज्याला मी हात लावलेला दिसत नव्हता त्याच्यावर. चाखून तरी बघेल? नाही! नैवेद्याचं कुणी आधी चाखतं का? मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग आठवलं, ती सोवळ्यात आहे. सोवळ्यात ती फोनला हात लावत नाही!

मी स्कूटर काढली. रविवार, त्यात दर्शनाची गर्दी. ई-रिक्षावाले आडवे, गाई उभ्या. “भैया, हटो ना! पाच लोग मर जाएंगे!” मी ओरडलो. एकजण शांतपणे म्हणाला, “तो अंकल, घाट उधर है.”

डोळ्यांपुढे नको नको ते येत होतं. गुरुजी आडवे, यात्रेकरू आडवे आणि नंदा माझ्याकडे बघत उभी. त्यातलं शेवटचं सगळ्यात भयंकर!

घरात शिरलो तेव्हा पानं वाढून झाली होती. गुरुजींनी ताटाभोवती पाणी फिरवलं होतं आणि त्यांचा हात श्रीखंडाकडे निघाला होता. खरं सांगितलं असतं तर नंदाची लाज गेली असती. म्हणून मी जे सुचलं ते ओरडलो.

“थांबा! श्रीखंडात पाल पडलीय!”

पाचही हात हवेत. नंदा हातात पुरी घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

गुरुजींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तुम्ही तर आत्ता बाहेरून येताय. पाल तुम्हाला कुठे दिसली?”

“पाल नाही... कॅरम पावडर,” मी पुटपुटलो. आणि मग सगळंच सांगून टाकलं. यात्रेकरूंपैकी एक आजी ताट सरकवून उठायलाच लागल्या.

“बसा, आजी,” नंदा म्हणाली. आवाज शांत होता, तेच वाईट. “त्या डब्यात मी अर्धा डबा साखर ठेवून गेले होते. आज बघते तर काठोकाठ! अहो, हे दोन दिवस घरात एकटे, आणि साखर वाढते? मला तिथेच संशय आला! समोरच्या सुलूला हाक मारून नवी साखर मागवली आणि दळून घातली.”

गुरुजी हसले, पण हात काही पुढे गेला नाही. मग त्यांनी एक वाटी माझ्यापुढे सरकवली. “आधी यजमान.”

वर्षभरानं श्रीखंड! दहा जण बघत असल्यासारखे ते पाच जण माझ्याकडे बघत होते आणि मी खात होतो. वाटी संपली, तरी मी जिवंत होतो. खात्री पटावी म्हणून मी आणखी एक वाटी मागितली. नंदानं दिली नाही.

मग मंडळी जेवली. आजींनी श्रीखंड तीनदा मागून घेतलं आणि म्हणाल्या, “पोरी, माहेरी जेवल्यासारखं वाटलं गं!” नंदानं पदरानं डोळे टिपले. माझाही जीव भांड्यात पडला.

हात धुवून गुरुजी म्हणाले, “नंदाताई, उद्यापासून रोज दहा पानं. पण एक अट आहे. जेवणाच्या वेळी यजमान घरात नसावेत.”

मी नंदाकडे पाहिलं. बत्तीस वर्षांचा संसार! मला खात्री होती, ती म्हणेल, मग राहू द्या.

नंदा म्हणाली, “गुरुजी, स्वयंपाकाच्या वेळीपण नसले तर चालेल ना?”