अध्यक्ष येईपर्यंत उड्या

रग्बी क्लबच्या अध्यक्षांनी आपल्या धाकट्या जावयाला संघाचा व्यायाम-प्रशिक्षक नेमलं, तेव्हा खेळाडूंनी नाकं मुरडली. ते जावयाच्या कानावर आलं होतं. आपण वशिल्याचं तट्टू नाही, हे त्याला आज सगळ्यांना दाखवायचं होतं.

त्याचं म्हणणं साधं होतं. सामन्याआधी नुसतं धावून अंग गरम करण्यापेक्षा बाकावरून खाली उडी मारायची आणि पाय टेकताच पुन्हा वर उसळायचं. असं थोडं केलं की पायांत स्प्रिंग येते आणि पुढची उडी उंच जाते. मागच्या आठवड्यात सगळ्यांनी बोटांना खडू लावून, उंच उडी मारून क्लबच्या वरच्या हॉलमधल्या भिंतीवर खुणा उमटवल्या होत्या. त्या खुणांच्या वर आज नव्या खुणा उमटणार होत्या, अध्यक्षांच्या देखत.

उड्यांची फेरी झाली. पोरं तरतरीत झाली. तेवढ्यात फोन वाजला.

"जावईबापू, गाडीचं चाक बसलंय. बदलून आलोच."

"सावकाश या, बाबा," तो म्हणाला आणि फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की ही स्प्रिंग काही मिनिटंच टिकते.

"आणखी एक फेरी," त्याने शिट्टी वाजवली.

"पण सर, आत्ताच तर झाली," कर्णधार म्हणाला.

"साहेब येईपर्यंत पाय थंड पडतील."

फेरी संपली आणि पुन्हा फोन आला. जादाच्या चाकातही हवा नव्हती. "पंपवाला सापडलाय. आलोच."

पुन्हा शिट्टी. मग अध्यक्ष निघाले, म्हणून शिट्टी. मग फाटकाशी गाडी लावताहेत, म्हणून शिट्टी. मधल्या फळीतला एक धिप्पाड गडी होता, त्याला सगळे डोंगर म्हणत. तो बाकाला धरून म्हणाला, "सर, हे पाय माझे राहिले नाहीत."

जावयालाही ते दिसत होतं. पण आता थांबवायचं, तर मघापासूनचं सगळं चुकलं हे कबूल करावं लागणार होतं. त्यापेक्षा शिट्टी सोपी होती.

अध्यक्ष आले, खुर्चीवर बसले. सगळ्यात उंच खेळाडूने उडी मारली. नवी खूण जुनीच्या वीतभर खाली उमटली. कर्णधाराची त्याहून खाली. डोंगराच्या टाचा तेवढ्या उचलल्या गेल्या, बाकीचा डोंगर जागेवरच राहिला.

"नव्या खुणा कुठल्या म्हणायच्या?" अध्यक्षांनी विचारलं.

"खालच्या," कर्णधार म्हणाला.

जावयाचे कान तापले. "उडी मारायची पद्धत चुकतेय यांची," तो म्हणाला. "मी दाखवतो." त्याने बोटांना खडू फासला आणि उडी घेतली. त्याची खूण त्या दिवशीच्या सगळ्या खुणांच्या वर उमटली. क्षणभर त्याची छाती फुगली.

"वा," अध्यक्ष म्हणाले. "आणि सकाळपासून तुम्ही स्वतः किती उड्या मारल्यात?"

तो खडूने पांढऱ्या झालेल्या बोटांकडे बघत राहिला. "मी शिट्टी वाजवत होतो."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

"चूक माझी आहे," अध्यक्ष उठत म्हणाले. "चाक मी आधी बघायला हवं होतं."

सासऱ्यांनी असं पोटात घातल्यावर तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाही बाबा," तो कसाबसा म्हणाला. "थांबवायचं मला कळत होतं. लाजेपायी थांबवलं नाही."

खेळाडू कठडा धरून, आडव्या पावलांनी जिना उतरायला लागले. डोंगर वरच खोळंबला होता. जावई त्याच्यापाशी गेला आणि खांदा पुढे केला. डोंगराने आपला सगळा भार त्यावर टाकला. दोनचार पायऱ्यांतच जावयाचे पाय लटपटायला लागले.

"घाई नको, सर," डोंगर समजुतीने म्हणाला. "पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं."